कुलाब्यात जन्मलेला प्रोफेसर, पळून आलेला स्टाइनमेट्झ आणि आमच्या पेपरातला 'जे'

हे या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' बरेचसे काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

आपण इथे बहुतेक वेळा राजे, लढाया, बंदरं, दुष्काळ असल्या विषयांवर बोलतो. आज मी कॉलेजच्या सिलॅबसचा इतिहास सांगणार आहे. तोही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा. थांबा, लगेच बंद करू नका. यात एक माणूस पोलिसांच्या भीतीने देश सोडून पळतो, एक माणूस आयुष्यभर सगळ्या जगाशी भांडतो आणि एक माणूस चक्क आपल्या कुलाब्यात जन्मलेला निघतो. आणि यात माझे वडीलही आहेत.

आधी माझं सांगतो. मी इलेक्ट्रिकलमध्ये बीटेक केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्यासारखे शेकड्यांनी आहेत. आमच्या ऑफिसच्या मजल्यावर दगड मारला तर तो एखाद्या मेकॅनिकलवाल्याला किंवा सिव्हिलवाल्याला लागेल. चार वर्षं जे शिकलो त्यातलं आज काय वापरतो असं कुणी विचारलं की आम्ही सगळे हसतो. हसून विषय बदलतो.

पण आमच्या घरी हा प्रश्न हसण्यावारी जात नव्हता. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या मोटरी जळतात आणि आप्पा त्या भरतात. जुनी तार छिन्नीने तोडून काढायची, स्लॉट साफ करायचे, कागद घालायचा, साच्यावर कॉइल गुंडाळायच्या, एकेक स्लॉटमध्ये बसवायच्या, बांधायच्या आणि वर वार्निश. आप्पा दहावी नापास आहेत. पोरगा 'इलेक्ट्रिकल इंजिनिअर' होणार म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते मी सांगत बसत नाही.

सेकंड इयरला मला सर्किटच्या पेपरात केटी लागली. घरी सांगितलं नाही. त्याच सुट्टीत दुकानात बसलो होतो. एका शेतकऱ्याची पाच एचपीची थ्री फेज मोटर आप्पांनी दोन फेजवर कंडेन्सर लावून चालू करून दाखवली. आपल्याकडे हे सर्रास चालतं. रात्री तिसरा फेज नसतो, पिकाला पाणी तर पाहिजे, मग कंडेन्सर. तो शेतकरी गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "आरं, दोन वर्सं झाली शिकतोयस. कंडेन्सर लावला की ही मोटर फिरती कशी, तेवढं सांग की मला. मी लावतोय पंधरा वर्सं, पर का फिरती ते काय कळलं न्हाई."

मला सांगता आलं नाही. म्हणजे मला सूत्र येत होतं. एक भागिले जे ओमेगा सी. पण हा 'जे' म्हणजे काय, हे मला आप्पांना सांगता येईना. कारण ते मलाच कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर 'जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ' असं आलं आणि पुढच्या मिनिटाला गणितं सुरू झाली. उणे एकचं वर्गमूळ! जी संख्याच नाही, ती घेऊन जळलेल्या मोटरीचं गणित करायचं. आप्पांसमोर बोलायला लाज वाटली.

तर हा 'जे' सिलॅबसमध्ये कुणी घातला, कधी घातला आणि का घातला, हे मी गेल्या वर्षी शोधायला बसलो. उत्तर फार जुनं नाही. तारीखवार सापडतं. साल १८९३.

पण त्याच्या अकरा वर्षं आधीपासून सुरुवात करू. १८८२ साली दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी ही शाखा जन्माला आली. एमआयटीने (पुण्यातली नव्हे, तेव्हा बॉस्टनमध्ये असलेली) इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा कोर्स सुरू केला, आणि जर्मनीत डार्मश्टाटला या विषयाचं स्वतंत्र प्रोफेसरपद निघालं. त्यावर एरास्मुस किटलर नावाचे गृहस्थ बसले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेलने कोर्स काढला. १८८२ च का? त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीज केंद्र सुरू झालं. धंदा उभा राहत होता आणि माणसं हवी होती.

आता शिकवायचं काय? पुस्तकच नव्हतं. एमआयटीत हा कोर्स फिजिक्स डिपार्टमेंटच्या पदराखाली होता आणि तो स्वतंत्र व्हायला १९०२ उजाडलं. सुरुवातीला बॅटऱ्या, टेलिग्राफ, डायनामो आणि दिवे हा सगळा डीसीचा कारभार होता. डीसीचं गणित सोपं. ओहमचा नियम लावा, व्होल्टेजला रेझिस्टन्सने भागा, करंट आला. आठवीचं पोरगंही करेल.

मग एसी आली. ट्रान्सफॉर्मरमुळे लांबवर वीज न्यायला एसीला पर्याय नव्हता. पण एसीमध्ये व्होल्टेज सतत वर-खाली होतं, करंटही होतो, आणि दोघं एकत्र वर-खाली होत नाहीत. कॉइलमध्ये करंट मागे पडतो, कंडेन्सरमध्ये पुढे पळतो. पन्नास हर्ट्झवर पूर्ण एक फेरा वीस मिलिसेकंदांचा असतो. आदर्श कॉइलमध्ये करंट पाच मिलिसेकंद उशिरा येतो आणि आदर्श कंडेन्सरमध्ये पाच मिलिसेकंद आधी. हे सगळं हिशेबात धरायचं तर प्रत्येक सर्किटला डिफरन्शियल इक्वेशन मांडायचं किंवा कागदावर लाटा काढून त्यांची बेरीज करायची. एका मोटरीच्या गणिताला पानंच्या पानं लागायची. कारखान्यातला इंजिनिअर हे रोज करणं शक्य नव्हतं.

आता आपली तीन माणसं येतात. गंमत अशी की इलेक्ट्रिकलचा सिलॅबस ज्यांच्या जोरावर उभा राहिला, त्या तिघांपैकी एकाकडेही इलेक्ट्रिकलची डिग्री नव्हती. खरं तर तिघांकडेही कसलीच शिकून मिळवलेली डिग्री नव्हती.

पहिले ऑलिव्हर हेविसाइड. जन्म १८५०, लंडनच्या कॅम्डन टाउनमधला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, मग टेलिग्राफ कंपनीत नोकरी केली, आणि १८७४ मध्ये, म्हणजे पंचविशीच्या आतच, तीही सोडली. त्यानंतर आयुष्यभर नोकरी म्हणून केली नाही. घरी बसून मॅक्सवेल वाचला. मॅक्सवेलची समीकरणं आज आपण चार ओळींत लिहितो, त्या चार ओळी हेविसाइडच्या. 'इम्पीडन्स' हा शब्द त्याचा, 'इंडक्टन्स' हाही त्याचाच. सिग्नल्सच्या पेपरात शून्यावरून एकदम एकवर उडी मारणारं ते स्टेप फंक्शन असतं ना, तेही त्याच्याच नावाचं.

हा माणूस डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना डेरिव्हेटिव्हच्या जागी सरळ एक अक्षर लिहायचा आणि ते साध्या बीजगणितासारखं भागायचा-गुणायचा. उत्तर बरोबर यायचं. का येतं हे सिद्ध करायच्या भानगडीत तो फारसा पडला नाही. गणितज्ञ खवळले. रॉयल सोसायटीने त्याला १८९१ मध्ये फेलो केलं, आणि तीनच वर्षांनी याच विषयावरच्या त्याच्या लेखमालेचा तिसरा भाग छापायला नकार दिला. दुसरीकडे ब्रिटिश पोस्ट खात्याच्या विल्यम प्रीसशी त्याचं वाकडं होतं. टेलिफोनच्या लाइनमध्ये मुद्दाम इंडक्टन्स वाढवला तर आवाज स्पष्ट जाईल असं हेविसाइड म्हणत होता, आणि इंडक्टन्स म्हणजे शत्रू असं प्रीसचं मत होतं. पुढे अमेरिकेत मिखाइल प्यूपिनने तीच कल्पना पेटंट केली आणि श्रीमंत झाला. हेविसाइड शेवटपर्यंत ओढगस्तीतच राहिला.

मला या माणसाबद्दल फार ममत्व आहे, म्हणून एक नोंद सांगतोच. हेविसाइड ३ फेब्रुवारी १९२५ ला टॉर्कीला वारला. त्याच दिवशी मुंबईत व्हीटी ते कुर्ला भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. पंधराशे व्होल्ट डीसी. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरीही तारीख वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

दुसरा माणूस आपल्या कुलाब्याचा. आर्थर एडविन केनेली, जन्म १७ डिसेंबर १८६१, कुलाबा, मुंबई. वडील आयरिश, इथे आरमारी नोकरीत होते. आर्थर तीन वर्षांचा असताना आई गेली, मग वडील त्याला घेऊन परत गेले. म्हणजे 'मराठी माणूस' वगैरे म्हणण्यात अर्थ नाही, त्याला मुंबई आठवतही नसेल. पण चार वर्षं मी ज्या विषयाला शिव्या घातल्या, त्याचा एक निर्माता लोकलने जाता येईल अशा ठिकाणी जन्मलेला आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वर्गात थोडा जास्त वेळ जागा राहिलो असतो. कदाचित.

केनेलीची शाळाही चौदाव्या वर्षाच्या आसपास सुटली. समुद्राखालून जाणाऱ्या टेलिग्राफ केबलच्या कंपनीत तो शिकत शिकत वर चढला. १८८७ च्या डिसेंबरात एडिसनकडे कामाला लागला. आणि १८ एप्रिल १८९३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्याने एक पेपर वाचला. नाव 'इम्पीडन्स'. त्यात त्याने सांगितलं की एसीच्या सर्किटलाही ओहमचा नियमच लावा, फक्त रेझिस्टन्सच्या जागी कॉम्प्लेक्स संख्या घ्या.

तिसरा माणूस त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उभा राहिला. चार्ल्स स्टाइनमेट्झ. मूळ नाव कार्ल आउगुस्ट रुडोल्फ. जन्म १८६५, तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रेस्लाउचा, आजच्या पोलंडमधला व्रोत्सवाफ. पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट. वडिलांना आणि आजोबांनाही तसंच कुबड होतं, म्हणून स्टाइनमेट्झने कधी लग्न केलं नाही. ब्रेस्लाउला तो गणित शिकत होता. तिथे समाजवादी विद्यार्थ्यांच्या नादाला लागला आणि त्यांचं वर्तमानपत्रही सांभाळलं. बिस्मार्कच्या राज्यात हा गुन्हा होता. १८८८ मध्ये डॉक्टरेट हातातोंडाशी आलेली असताना ती तिथेच टाकून तो झुरिकला पळाला आणि १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी नाही आणि शरीर असं. इमिग्रेशनवाले त्याला परत पाठवायच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने, आस्मुसेनने, मी याला सांभाळतो म्हणून हमी दिली तेव्हा आत घेतलं.

(फोर्डच्या कारखान्यात खडूची एक रेघ मारून दहा हजार डॉलर मागितले ती गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असणार. मी सांगणार नाही. त्याच्या खऱ्या कामापुढे ती फारच फुटकळ आहे.)

१८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत जागतिक मेळा भरला होता. एसीचे हजारो दिवे लागले होते. त्याच वेळी तिथे आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रिकल काँग्रेस भरली आणि त्यात स्टाइनमेट्झने आपली पद्धत मांडली. केनेलीने इम्पीडन्सपुरतं दाखवलं होतं. याने सगळं मांडलं. व्होल्टेज, करंट, मोटर, ट्रान्सफॉर्मर, काहीही असो, एक बाण म्हणून धरा, बाण म्हणजे कॉम्प्लेक्स संख्या, आणि मग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. डिफरन्शियल इक्वेशन गायब.

उदाहरण देतो. एका कॉइलचा रेझिस्टन्स ३ ओहम आणि रिअॅक्टन्स ४ ओहम आहे. स्टाइनमेट्झच्या पद्धतीने ती कॉइल म्हणजे ३ अधिक ४ जे. एवढंच. तिचं माप किती? पायथागोरस. पाच. २३० व्होल्ट लावले तर करंट ४६ अँपिअर. आणि तो मागे किती पडतो? सुमारे ५३ अंश. दोन ओळीत संपलं. आधी याला अर्धं पान लागायचं, आणि पाच कॉइली, तीन कंडेन्सर जोडले असतील तर वही लागायची.

आता तो 'जे'. शाळेतली कवायत आठवा. सर ओरडतात, बाये मूड. तुम्ही काटकोनात डावीकडे वळता. पुन्हा बाये मूड. आता तुमचं तोंड बरोबर उलट्या दिशेला. दोनदा डावीकडे वळलं की उलटं तोंड. 'जे' म्हणजे एकदा 'बाये मूड'. दोनदा 'जे' म्हणजे उलटं तोंड, म्हणजे उणे एक. झालं. उणे एकचं वर्गमूळ म्हणजे भुताटकी नाही, पाव वळण आहे. आणि पाच मिलिसेकंद आधी-उशिरा येणं म्हणजे काय? पूर्ण फेऱ्याचा पाव भाग, म्हणजे काटकोन, म्हणजे 'जे'. म्हणून कॉइलला 'जे' लागतो आणि कंडेन्सरला उलटा 'जे'. गणितातली 'आय' सोडून 'जे' का, तर 'आय' हे अक्षर करंटने आधीच अडवलेलं होतं.

हे एवढं. मला सेकंड इयरला कुणी कवायत करून दाखवली असती तर केटी लागली नसती असं मी म्हणणार नाही, तेव्हा मी इतरही बरेच उद्योग करत होतो. पण आप्पांना उत्तर देता आलं असतं.

बरं, शिकागोत सांगितलं म्हणून लगेच सगळ्यांना कळलं का? नाही. १८९७ मध्ये स्टाइनमेट्झने बर्गच्या मदतीने एसीवर जाड पुस्तक काढलं, ते इंजिनिअरांना झेपेना, कारण कॉम्प्लेक्स संख्या त्यांनी कॉलेजात शिकलेल्याच नव्हत्या. मग त्याने सोपी पुस्तकं लिहिली. १९०२ पासून जनरल इलेक्ट्रिकची नोकरी सांभाळून तो स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात शिकवायला लागला आणि तिथल्या लेक्चरांतून १९११ मध्ये एक पुस्तक निघालं. त्याचं नाव 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स'. हो, तेच नाव. आपल्या एम-वन, एम-टू, एम-थ्रीच्या मार्कशीटवर छापलेलं.

त्याच १९०२ मध्ये केनेली हार्वर्डला प्रोफेसर झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला कुलाब्याचा पोरगा! १९१३ पासून तो एमआयटीतही शिकवायचा. तिथे त्याच्या हाताखालून व्हॅनेव्हर बुश गेला. बुशने पुढे डिफरन्शियल अॅनालायझर नावाचं अगडबंब गणिती यंत्र बांधलं, ते चालवायला क्लॉड शॅनन नावाचा विद्यार्थी ठेवला, आणि शॅननने १९३७ मध्ये एमआयटीच्या इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटमध्ये रिलेच्या सर्किटांवर मास्टर्सचा प्रबंध लिहिला. स्विच चालू-बंद म्हणजे खरं-खोटं, आणि त्यावर बूलचं बीजगणित चालतं. मी आज ज्या 'इफ' आणि 'अँड' वर पोट भरतो त्यांना लोखंडात उतरवायची वाट तिथून निघाली. म्हणजे शाखा सोडून मी फार लांब गेलोय असं मला वाटत होतं, आणि निघालो त्याच वाड्याच्या मागच्या दाराने.

हेविसाइडचं काय झालं? ब्रॉमविच, कार्सन, डोएच अशा लोकांनी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या जुगाडाला लाप्लासच्या जुन्या इंटिग्रलचा पाया घातला. मग तो सभ्य झाला आणि सिलॅबसमध्ये 'लाप्लास ट्रान्सफॉर्म' नावाने आला. पार्शियल फ्रॅक्शन करताना एक कंस झाकून उत्तर काढायची युक्ती मात्र अजून 'हेविसाइडची' म्हणूनच शिकवतात. ज्यांनी ती वापरून मार्क मिळवलेत त्यांनी एकदा टॉर्कीच्या दिशेने हात जोडावेत.

पुढचं भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धात रडारचं काम एमआयटीच्या रेडिएशन लॅबमध्ये झालं, आणि तिथे चमकले मुख्यतः फिजिक्सवाले. इंजिनिअरांना मोटर, जनरेटर यायचे, पण लहरी आणि क्वांटम यायचं नाही. हे फार लागलं. युद्धानंतर गॉर्डन ब्राऊनने तिथला अभ्यासक्रम मुळापासून बदलला, १९५५ च्या ग्रिंटर समितीच्या अहवालाने सगळ्या अमेरिकेला तेच सांगितलं: वर्कशॉप कमी, विज्ञान जास्त. अनेक ठिकाणी मशीन्सची लॅब आक्रसली. १९७५ मध्ये एमआयटीने डिपार्टमेंटच्या नावातच कॉम्प्युटर सायन्स जोडलं.

आपल्याकडे? बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये १९११ ला पहिले विद्यार्थी आले तेव्हाच्या मोजक्या विभागांत एक इलेक्ट्रिकल होता. कारण समोर दिसत होतं, शिवसमुद्रमची वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणीला जात होती. आपल्याकडे १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं केंद्र मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झालं, १९२७ मध्ये भिरा. जाता जाता: पॉवर सिस्टिम्सच्या पेपरात भिरा येतं, मुळशी येत नाही. त्या भिऱ्याच्या पाण्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांच्यासाठी सेनापती बापट तुरुंगात गेले, ते लोक सिंगल लाइन डायग्राममध्ये नसतात.

स्वातंत्र्यानंतर कानपूरच्या आयआयटीने नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या मदतीने नवा, विज्ञानाकडे झुकलेला अभ्यासक्रम आणला, १९६३ मध्ये तिथे आयबीएमचा कॉम्प्युटरही आला. पवईच्या आयआयटीला मदत सोव्हिएत रशियाची. पण राज्याराज्यांतल्या साध्या कॉलेजांना वेगळीच घाई होती. कोयना उभं राहत होतं, गावोगाव खांब जात होते, वीज मंडळाला इंजिनिअर हवे होते. म्हणून आमच्यासारख्या कॉलेजात मशीन्स-वन, मशीन्स-टू ठाण मांडून राहिले. मला हे विषय 'जुनाट' वाटायचे. आता वाटत नाहीत. ते खांब आमच्या गावात आले म्हणून तर पंप आले, आणि पंप जळायला लागले म्हणून आप्पांचं दुकान आलं. माझी फी त्या दुकानातून गेली.

आता शेवटचं. हे सगळं वाचताना एका जर्मन मशीन्सच्या पुस्तकाचं भाषांतर चाळत होतो. तिथे एक आकृती आली. थ्री फेज मोटर, दोन टोकांना सिंगल फेजचा पुरवठा, तिसऱ्या टोकाला कंडेन्सर. ओळखीचं वाटलं. खाली नाव: श्टाइनमेट्झ-शाल्टुंग. स्टाइनमेट्झची जोडणी. जर्मन इलेक्ट्रिशियन तिला आजही याच नावाने ओळखतात.

मी खुर्चीतून उठलो. आप्पा जे पंधरा, आता पंचवीस वर्षं करताहेत, त्याला त्या कुबड्या, पळून आलेल्या माणसाचं नाव होतं. केटी ज्याच्यामुळे लागली त्याच माणसाचं.

पुस्तकात ढोबळ नियमही होता. २३० व्होल्टला दर किलोवॉटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टच्या आसपास सुमारे २०. दोन फेजमध्ये आपल्याकडे ४१५ व्होल्ट असतात, म्हणजे दुसरा नियम. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, गुणिले २०, आले ७४.

दिवाळीला घरी गेलो. आप्पा दुकान आवरतं घेताहेत. डोळ्यांना बारीक तार दिसत नाही, आणि लोक आता जुनी भरण्यापेक्षा नवी मोटर घेतात. त्यांच्याकडे एक वही आहे, कडा तेलाने काळ्या झालेली. प्रत्येक मोटरीचे स्लॉट, टर्न, तारेचा गेज, कनेक्शन. शेवटच्या पानांवर कंडेन्सर. मी ती वही कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागलो होतो. पाच एचपीसमोर लिहिलं होतं: छत्तीसचे दोन. म्हणजे बहात्तर. साडेसातसमोर: छत्तीसचे तीन, एकशे आठ. नियमाने येतात एकशे दहा. तीन एचपीला छत्तीस आणि वर एक दहाचा, नियमाने चव्वेचाळीस. मी विचारलं, आप्पा, हे आकडे कुठून आणले? म्हणाले, "कुठनं म्हंजे? लावून बघितलं. तापली की बदाललं."

मग अंगणात त्यांना बाये मूड करून दाखवलं. आई दारातून बघत होती, तिला वाटलं दिवाळीत डोकं फिरलं. मी सांगितलं की तीन फेज म्हणजे एकामागोमाग एक येणारे तीन धक्के, तिसरा धक्का नसला की मोटर जागेवर थरथरते, आणि कंडेन्सर करंटला पुढे पळवून तो तिसरा धक्का जवळपास तयार करतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. दोन मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग टेस्टिंगला मोकळी फिरवली की लोडपेक्षा जास्त तापती, ते का?"

मला ते माहीत नव्हतं. पुण्याला आलो, वही-पेन घेऊन बसलो. ऑफिसनंतरच्या दोन संध्याकाळी गेल्या. सहा वर्षांनी पुन्हा 'जे' लिहीत होतो. उत्तर निघालं ते असं: कंडेन्सर एका ठरावीक लोडलाच बरोबर बसतो. लोड काढला की मोटरचा स्वतःचा कोन बदलतो, कंडेन्सर तोच राहतो, आणि त्या बाजूच्या वाइंडिंगवर व्होल्टेज आणि करंट दोन्ही चढतात.

रात्री नऊला फोन केला. आप्पा म्हणाले, "मग टेस्टिंगला एकच छत्तीस लावत जाऊ का?"

म्हटलं, लावून बघा, आणि तिन्ही वायरींचं क्लॅम्प मीटरचं रीडिंग मला पाठवा. अजून पाठवलेलं नाही. या आठवड्यात कुणाची मोटर आली नाही म्हणे. आली की पुढच्या भागात सांगतो.